काचेखालची माती

काचेला घाम फुटला होता. चहाचा कप घेऊन संजीवनी दिवाणखान्याच्या पायऱ्या उतरायला निघाली आणि पहिल्याच पायरीवर थबकली. कालपर्यंत जाड काचेखाली तांबडी माती दिसत होती, कडेच्या दिव्यांच्या उजेडात ढेकूळ न् ढेकूळ ओळखू यावं इतकी स्वच्छ. आज काचेला आतून पांढुरकी साय धरली होती, तिच्यावरून थेंब ओघळत होते आणि सांध्यांच्या रबरातून वास येत होता. आंबलेल्या ताकाचा, तेलाचा, हळदीचा, आणि त्या सगळ्याच्या खाली पुरुषांच्या घामाचा. खरं तर घामाचा वास येणं शक्यच नव्हतं, तिथं कुणी अंग टाकून वर्षं लोटली होती. पण नाकाला कोण समजावणार? वास आत शिरला तो थेट उजव्या मनगटात उतरला, मनगट ठणकलं, आणि हातातला कप तिनं समोरच्या दगडी भिंतीवर फेकून मारला. कप फुटल्याच्या आवाजानं तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तिला स्वतःचीच भीती वाटली.

हे घर म्हणजे बारामतीची खालची तालीम. कऱ्हा नदीच्या काठावर काळ्या दगडाच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, आणि मोठ्या माणसाला कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये असा ठेंगणा दरवाजा. संजीवनीच्या आज्याच्या आज्यानं तिथं माती अंगाला लावली असं सांगत. पुढं पोरं मॅटवर खेळायला लागली, मॅट नव्या हॉलमध्ये गेली, मारुतीलाही पोरांनी हलगी लावून तिकडं नेलं, आणि तालमीत वटवाघळं तेवढी उरली. विश्वस्तांनी इमारत विकायला काढली तेव्हा गावाला वाटलं, एखादा बिल्डर घेईल आणि पाडेल. घेतली ती जोतीराम वस्तादांच्या धाकट्या मुलीनं, लोणी देवकरला पॅकिंगच्या मशीनचा कारखाना चालवणाऱ्या संजीवनीनं. पुण्याहून रश्मी नावाची आर्किटेक्ट आली, तिनं भिंतींचा चुना खरवडून दगड उघडा केला, मल्लखांबाच्या जागी वर जाणारा लोखंडी जिना आणला, आणि ज्या लाकडी मुद्गलांनी तीन पिढ्यांचे खांदे घडवले ते दारात शोभेला उभे केले. कुस्तीचा मातीचा हौदा तेवढा तिनं तसाच ठेवला. त्यावर काच घातली, कडेनं सोफे मांडले, आणि मासिकात फोटो छापून आणला. गावानं आधी नावं ठेवली आणि मग वास्तुशांतीला येऊन बासुंदी ओरपली. गावाची रीतच ती. आला नाही तो एकच माणूस, आणि हे सगळं केलं होतं त्या एका माणसासाठी. एकदा या छपराखाली तिला उभी बघून आबांनी, तिच्या वस्ताद बापानं, 'ये' म्हणावं. बास. त्यापुढं तिला काही नको होतं, निदान असं ती स्वतःला सांगत आली होती.

रश्मीला फोन लावला तर ती पलीकडून बुचकळ्यात पडलेली. "ताई, माती कोरडी होती. मी स्वतः तपासली होती. तुम्ही काही घातलंत का तिच्यात?" "नाही गं," संजीवनी म्हणाली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. घातलं होतं. काच बसवायची त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळी माणसं गेल्यावर तिनं ठेंगणा दरवाजा आतून लावला, पदर खोचला आणि फावड्यानं हौदा उकरला. हंडाभर ताक, डबाभर करडईचं तेल, लिंबं, हळद, कापूर. कोपरापर्यंत हात घालून तिनं माती मळली. पुण्याच्या शिकलेल्या बाईला हे सांगून कळलं नसतं, आणि कळलं असतं तर ती हसली असती. पण वस्तादांच्या घरात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला उपाशी माती झाकून टाकता येत नाही. "उपाशी माती अंगाला चावती," आबा म्हणायचे, आणि घरात दुधाला माणसं मोताद असताना ताकाची कळशी तालमीत जायची. खाऊ घातलेली माती काचेखाली कोंडली की आंबणार, तिला घाम फुटणार, ही साधी गोष्ट मात्र तिला सुचली नाही. रश्मीनं सांगितलं, दोन काचा काढून घेऊ, रबर बदलू, तोवर माती उघडी राहू दे, वाळेल. माणसं आली, काचा उचलून भिंतीला टेकवल्या, आणि नवं रबर आणायला पुण्याला निघून गेली. दिवाणखान्याच्या मधोमध हौदा उघडा पडला. महागडे सोफे त्याच्याकडं बघत बसले.

त्या मातीत तिचा पाय पहिल्यांदा पडला तेव्हा ती चौथीत होती आणि तिचं नाव संजीवनी नव्हतं. तिसरी मुलगी झाली म्हणून आबांनी नाव ठेवलं नकोशी. आई, तुळसा, हाक मारायची नकू, म्हणजे जखमेवर फुंकर घालावी तसं. कऱ्हेकडच्या भिंतीला एक झरोका होता, त्याच्याखाली पालथ्या घमेल्यावर उभं राहून नकू रोज सकाळी आत बघायची. ढाक कशी लागते, कलाजंग कधी घ्यायचा, पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय ओढताना, डोकं कुठं ठेवायचं, समोरच्यानं मान दाबली तर गुडघा कुठं रोवायचा. आबा पोरांना शिकवत, फुकटात ती शिकत होती. घरी येऊन कडब्याच्या पेंढ्यांना ढाक मारायची, थोरल्या सारजाला उसाच्या सरीत लोळवायची. सारजा रडत आईकडं जायची आणि आई म्हणायची, गप, आबांना कळलं तर दोघींना सोलून काढतील. मग नागपंचमीचा आदला दिवस आला. माती नव्यानं मळून झालेली, पैलवान कऱ्हेत आंघोळीला गेलेले. नकू वाकून आत शिरली. वाकायची तिला गरजही नव्हती, पण पोरं वाकायची म्हणून ती वाकली. माती घोट्यापर्यंत थंड लागली. तिनं चिमूटभर कपाळाला लावली आणि दोन जोर मारले, तिसरा मारताना पाठीवर काहीतरी पडलं. फावड्याचा दांडा होता. आबांनी हाक मारली नाही, शिवी दिली नाही, तोंडातून चकार शब्द काढला नाही. दुसरा घाव तिनं हातावर घेतला आणि मनगटातून वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. मग त्यांनीच तिला मांडीवर घेतलं आणि मनगट बसवलं. वस्ताद हाडवैद्यही होते, त्यांच्या हाताला यश होतं. आल्यागेल्याला त्यांनीच सांगितलं, "पोरगी चिंचंवरनं पडली." त्याच दुपारी पैलवानांनी हौद्यातली वरची वीतभर माती काढून कऱ्हेत नेऊन टाकली. मनगट बरं झालं. माती फेकल्याचं मात्र कधीच बरं झालं नाही. आपल्या दोन पावलांनी एवढी माती नासते, हे तिला दांड्यापेक्षा जास्त लागलं, आणि आजही लागत होतं.

ते तिच्या अंगात राहिलं, आणि अंगातलं कधी ना कधी बाहेर येतंच. लग्न इंदापुरात झालं. नवऱ्यानं एकदाच हात उगारला, तिनं त्याला सासू-सासऱ्यांदेखत अंगणात उताणा केला, आणि ते नातं तिथंच त्याच्या पाठीखाली चिरडलं. माहेरी कुणी 'का' म्हणून विचारलं नाही, आबांनी तर मान वर करूनही बघितलं नाही. तिनं नाव बदललं, कारखाना उभा केला, माणसं तिला मॅडम म्हणायला लागली. सगळं ठीक चाललं होतं ते या घरात राहायला येईपर्यंत. इथं आल्यापासून तिचे तळहात शिवशिवायला लागले. माणूस समोर आलं की आधी तिची नजर त्याच्या पायांवर जायची, वजन कुठल्या पायावर आहे ते बघायची. मागच्याच आठवड्यात कारखान्यात सुपरवायझर तिच्या आणि मशीनच्या मध्ये हात घालून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं." तिनं तो हात मनगटात धरला आणि फिरवला. तो आधी हसला, मग वाकला, मग गुडघ्यावर आला. कामगार हसायचे थांबले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, तो "मॅडम, मॅडम" म्हणत होता, आणि ते सगळं दिसत असूनही तिनं हात सोडला नाही. सोडावासा वाटला नाही. नंतर तिनं माफी मागितली, त्याला गाडीनं घरी पोचवलं. पण गाडीत बसल्या बसल्या ती मनात तोच हात पुन्हा पिरगाळत होती. एकदा, आणखी एकदा.

अशात साखरबाईचा फोन आला. कोऱ्हाळ्याच्या मळ्यात आबा एकटे राहत आणि साखरबाई त्यांची भाकरी करी. "ताई, म्या भवानीनगरला चाललेय. पोरीचं दिवस भरल्यात. आबांचं तुमीच बघा आता. म्या सांगितलंय त्यास्नी." "काय म्हणाले?" "काय म्हननार? गप बसल्यात. पिशवी भरून ठिवलीया मातूर."

ती आणायला गेली तेव्हा आबा ओट्यावर खरंच पिशवी घेऊन बसले होते. ऐंशीला टेकलेले, मान अजून रेड्यासारखी, कान कुस्तीत चुरगाळून गाठी झालेले. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रखडत होती, आणि ती मनात शब्द जुळवत होती, आबा, बघा, हे केलं, हे तुमच्यासाठी. घराशी आल्यावर मोठा काचेचा दरवाजा आपसूक उघडला. आबांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. काठी टेकत ते बाजूनं चालत गेले आणि ठेंगण्या दरवाजापुढं उभे राहिले.

"ह्यो बुजवलाय का?"

"न्हाय आबा. उघडते."

ते वाकले. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेले. त्यांच्या पाठोपाठ तीही वाकून आत शिरली, आणि या वेळी तिला वाकणं भाग होतं.

त्यांनी कोनाड्याकडं पाहिलं. तिथं रश्मीनं मातीचं निळं भांडं ठेवलं होतं. "मारुती?" "पोरांनी नेला, नव्या हॉलात." "बरं केलं," आबा म्हणाले, आणि एसटी स्टँडवरच्या बाकड्यावर बसावं तसे सोफ्याच्या कडेला टेकले. मग त्यांना वास आला. नाकपुड्या फुलल्या, मान हळूहळू वळली, आणि उघड्या हौद्यावर नजर थांबली.

"ताक कुनी घातलं?"

"म्या."

"त्याल?"

"करडईचं. लिंबू, हळद, कापूर. समदं घातलं."

"आन् वर काच ठिवली?" त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. "जेवू घालून कुनी तोंड दाबतं व्हय? मातीला वारा लागतो. झाकली म्हून आंबली."

त्या बोलण्यात राग नव्हता. चुकलेल्या पैलवानाला वस्ताद जसं सांगतो तसं ते होतं, आणि सगळ्या जन्मात आबा तिच्याशी असं बोलले नव्हते. तिला हसू फुटलं, लहान पोरीसारखं. वाटलं, झालं. फिटलं. यासाठीच केलं होतं सगळं. तेवढ्यात आबांच्या डोळ्यांत काहीतरी बदललं.

"मळली कुनी?"

"म्याच."

"म्हंजी उतरली व्हतीस."

"व्हय."

त्यांचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. "टाकून दे ती. कऱ्हंत टाक. माज्यासमूर भर."

संजीवनी उठली. आपण फावडं आणायला उठलो असं तिला वाटलं, मग पाय दुसरीकडं चाललेले दिसले. सपाता काढून ठेवल्या. ती पायऱ्या उतरली आणि मातीत उभी राहिली. माती घोट्यापर्यंत आली, थंड, चिकट, आंबूस. इतक्या वर्षांनीही ती तितकीच थंड होती.

"भाईर ये, नकू."

"न्हाय यायची."

काठी आली. खांद्यावर बसली, मग दंडावर. म्हातारा हात होता, पण मोजून मारणारा. तिसऱ्या वेळी तिनं काठी हवेतच धरली आणि ओढून घेतली. वाटलं, हिच्यानंच घालावी, टाळक्यात, एकदाच. त्या वाटण्याला काही पडदा नव्हता, ते लख्ख होतं. तिनं काठी मागं फेकून दिली, ती टेकवलेल्या काचेवर आपटली आणि काच वरपासून खालपर्यंत तडकली. आबांनी त्या आवाजाकडं पाहिलं नाही. ते सदऱ्याची बटणं काढत होते. सदरा सोफ्यावर टाकला, धोतर खोचलं, एक एक पायरी उतरून ते मातीत आले आणि वाकून त्यांनी चिमूटभर माती कपाळाला लावली. मग मूठभर घेऊन तिच्या अंगावर टाकली, मानेवर, दंडांवर. पकड निसटू नये म्हणून पैलवान कुस्तीआधी समोरच्याच्या अंगाला माती लावतो. हे त्यांनी सवयीनं केलं, की रागानं, की आणखी कशानं, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढंही कधी कळणार नव्हतं. तिनंही वाकून मूठ भरली आणि त्यांच्या पांढऱ्या केसांच्या छातीवर टाकली.

आबांचा पहिला तळहात मानेवर पडला तो वरवंट्यासारखा. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, ओठ दातांत सापडून फाटला, तोंडात रक्ताची चव आली. झरोक्यातून बघताना कुस्तीला वजन नव्हतं, श्वास नव्हता. इथं श्वास होता, कानाशी घोगरा, तंबाखूचा. कोपर बरगडीत घुसत होतं, नखं कातडी सोलत होती. आबांनी तिची मान खाली दाबली, आणि ती दाबू देत गेली, कारण गुडघा कुठं रोवायचा हे तिला पाठ होतं. ते तिनं त्यांनाच शिकवताना ऐकलं होतं. गुडघा रोवला, डोकं त्यांच्या मांडीला लावलं, उजवा पाय दोन्ही हातांत घेतला आणि ओढला. म्हातारं धूड आडवं झालं. हौदा हादरला. ती वर चढली, उजवा खांदा मातीला टेकला तो तिनं पाहिला, पण डावा टेकेना. आबांनी मानेचा पूल केला होता. ऐंशीला टेकलेला माणूस टाळू मातीत रोवून अंगाची कमान करून तिचं सगळं वजन तोलून धरत होता, डोळे तिच्याकडं लावून. त्या डोळ्यांत ओळख होती. समोरच्या पैलवानाची असते तशी. तिथं थांबता आलं असतं. त्यांच्या कपाळावरची शीर फुगलेली तिला दिसत होती, ओठ निळे पडलेले दिसत होते. तिनं छाती त्यांच्या डाव्या खांद्यावर टाकली आणि दाबलं. चौथीतल्या मनगटासाठी दाबलं, कऱ्हेत गेलेल्या मातीसाठी दाबलं, नावासाठी दाबलं. शेवटी कशासाठीच नाही, नुसतंच दाबलं, कारण दाबण्यात सुख होतं. वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला, आणि खांदा खाली गेला.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ती उठली नाही. तशीच त्यांच्या अंगावर, मातीत तोंड खुपसून पडून राहिली, आणि खालची छाती वरखाली होतेय एवढंच तिला जाणवत राहिलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. खांद्याची हासळी, गळ्याखालचं हाड, मोडली होती. आबा खाटेवर पडले होते, केसांत, कानांच्या गाठींत अजून तांबडी माती. नर्सनं पुसायला घेतली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला होता. "कसे पडलात, आजोबा?" डॉक्टरनं विचारलं. "पाय घसरला त्यांचा," संजीवनी फाटल्या ओठानं घाईघाईनं म्हणाली. "घरात काचेचं काम चाललंय, तिथं."

आबांनी डोळे उघडले.

"घसरला न्हाय. पाडला."

डॉक्टरचं पेन थांबलं. "कुणी पाडलं?"

आबांनी हनुवटीनं तिच्याकडं दाखवलं. "हिनं. पट काढला, एकेरी. उजव्या पायाचा." जरा दम खाऊन ते म्हणाले, "डोकं नीट ठिवलं व्हतं."

डॉक्टर तिच्याकडं बघायला लागला, तिच्या ओठाकडं, दंडावरच्या काठीच्या वळाकडं. तिला शरम वाटायला हवी होती. वाटत होतीही, पोटात खोल कुठंतरी, आणि तिच्याशेजारीच दुसरं काहीतरी धुमसून वर येत होतं. चिंचेवरून पडली, असं सांगणारा माणूस आज खरं बोलत होता.

"पर पाठ लागली न्हाय," आबा म्हणाले.

"लागली," संजीवनी म्हणाली.

"डावा खांदा वर व्हता."

"आधी व्हता. मग टेकला. दोन्ही टेकले, आबा."

"हाड मोडल्यावर टेकला." त्यांचा आवाज दुखण्यानं खोल गेला होता, पण तोंडावर वस्तादाचा करडेपणा होता, हौद्याच्या कडेला उभं राहून निकाल देतानाचा. "हाड मोडून लावली ती कुस्ती धरत न्हाईत. कुनालाबी इचार." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

ते बरोबर होतं. झरोक्यातून तिनं स्वतः ऐकलेला नियम होता तो, त्यात खोट काढायला जागाच नव्हती. डॉक्टर काहीतरी सांगत होता, पट्टा बांधावा लागेल, या वयात हाड जुळायला वेळ लागतो, पोलिसांना कळवायचं का. तिचं लक्ष नव्हतं. ती त्या खांद्याकडं बघत होती. ते हाड जुळून यावं असं तिला मनापासून वाटलं, देवाला हात जोडावेत इतकं वाटलं. वाकडं नको, कच्चं नको, आबांनी तिचं मनगट जुळवलं होतं तसं पक्कं जुळावं. त्याशिवाय त्यांना परत मातीत उतरवता येणार नव्हतं.